सेवेरोचं ताट

१

मेलेल्यांच्या सणाला होविताच्या घरी दरवर्षी कोणी ना कोणी परकं माणूस उतरायचं. अंगणापलीकडच्या खोलीत सेवेरो जिवंत असताना मडक्यांच्या टोपल्या आणि ट्रकचे झिजलेले टायर ठेवायचा. तो गेल्यावर तिने ती चुन्याने रंगवून घेतली, एक खाट टाकली, भिंतीला छोटा आरसा लावला. शहरातून, कुठून कुठून लोक यायचे. त्यांना झेंडूच्या राशी बघायच्या असत, स्मशानातल्या मेणबत्त्या बघायच्या असत, होविता पाट्यावर मिरच्या नि तीळ कशी वाटते तेही बघायचं असे. एखादी पोरगी हमखास विचारायची, "तुम्हाला भीती नाही वाटत, नवरा येणार म्हणून?"

"जिवंत होता तेव्हा नाही वाटली," होविता म्हणायची, "आता तर तो जेवून गुपचूप निघून जातो."

यंदा एकच बाई आली. नेरेइदा तिचं नाव. किनाऱ्यावरच्या बंदराच्या गावाहून आलेली, पंचेचाळिशीची, अंगाने भरलेली. तिला नणंदेने पाठवलं होतं. "ओळखीतली आहे," तोमासा म्हणाली होती, "दोन दिवस राहील, सण बघेल, जाईल."

पण ही इतरांसारखी नव्हती. दार उघडल्यावर ती उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली आणि होविताकडे बघत राहिली. बसचा प्रवास लांबचा, ऊन कडक, होविताला वाटलं बाईला भोवळ येतेय.

"दमली असशील. आत ये," ती म्हणाली आणि तिचा हात धरला. हात बर्फासारखा होता.

नेरेइदाने फोटो काढले नाहीत. काही विचारलंही नाही. होविता टेबलावर उसाची कमान बांधत होती, तेव्हा ती न सांगता पुढे आली आणि दुसरं टोक धरून उभी राहिली. कमानीखाली होविताने आपल्या बापाचा फोटो मांडला, आईचा मांडला, आणि मधोमध सेवेरोचा, टोपी घातलेला. नेरेइदाने तो फोटो पाहिला आणि उसाचं टोक तिच्या हातून सुटलं.

"घट्ट धर गं," होविता म्हणाली. "पडला तर माझा नवरा टकुऱ्यावर घ्यायचा तो ऊस."

तोमासा खुर्चीत बसून सूचना करत होती. तिचा पाय सुजला होता, काठी टेकत कशीबशी आली होती. "माझ्या भावाच्या ताटात मांडीचा तुकडा घाल. छातीचा घातलास तर तक्रार मला येऊन सांगेल."

"चार वर्षांत एकदा तरी केलीय का तक्रार?"

"नाही," तोमासा म्हणाली आणि काठीच्या टोकाने जमिनीवरची एक पाकळी सरळ केली.

नैवेद्य उतरवला की पहिला घास तोमासाचा. ती त्यांच्या घराण्यातली रीत होती, रक्ताच्या माणसाने आधी चाखायचं. ज्याच्या नावाचं ताट, तो येऊन जेवून गेला की त्या अन्नातली चव जाते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दरवर्षी तोमासा डोळे मिटून सेवेरोच्या ताटातला घास चघळायची आणि म्हणायची, "पाणी. नुसतं पाणी. चाटूनपुसून गेलाय मेला." तेवढ्या वाक्यावर होविताचं वर्ष निघायचं.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या घंटा झाल्या. मेलेली मोठी माणसं या वेळी येतात. होविताने रस्त्याच्या दारापासून अंगणातून थेट टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातली होती. धूप पेटवला, अंगावरचा ॲप्रन सोडून ठेवला आणि ती खुर्ची ओढून बसली.

आजवर तिला कधी काही ऐकू आलं नव्हतं. येतात म्हणजे येतात, कानांनी खातरजमा करायची गोष्टच नव्हती ती.

यंदा ऐकू आलं.

दारापाशी एक पाऊल टेकलं. मग दुसरं फरपटलं. टप, खर्र. टप, खर्र. मडक्यांनी भरलेली पेटी पायावर पडल्यापासून सेवेरो असाच चालायचा. टायरच्या तळव्याच्या चपला, उजवा पाय टेकवलेला, डावा ओढलेला. होविताच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. तिने केसांवरून हात फिरवला. या वयात तिला लाजल्यासारखं झालं.

पावलं अंगणाच्या मध्यापर्यंत आली. हौदावरचा पत्र्याचा मग खणकला. तो ट्रकवरून आला की आधी तिथे तोंड धुवायचा. होविता दाराकडे बघत राहिली. टप, खर्र. मग आवाज बारीक झाला, दूर गेला. एक दार करकरलं. तिच्या खोलीचं दार नव्हतं ते.

ती बराच वेळ बसून राहिली. शेवटी उठून बाहेर आली. अंगणात कोणी नव्हतं. कुत्रा हौदाच्या आडोशाला पोट जमिनीला चिकटवून पडला होता आणि पाहुणीच्या खोलीकडे बघत होता. पाकळ्यांची वाट हौदापर्यंत तिने घातली तशी सरळ होती. तिथून ती वळली होती. पाकळ्या विस्कटून, चुरडून पाहुणीच्या दारापर्यंत गेल्या होत्या.

वारा असेल, होविता मनाशी म्हणाली. पण उसाची पानं हलत नव्हती. मग कोंबड्या असतील. कोंबड्या सकाळपासून टोपलीखाली झाकलेल्या होत्या, हे तिला आठवत होतं, तरी तिने ते कोंबड्यांवरच ढकललं. खराटा आणला आणि पाकळ्या लोटून पुन्हा आपल्या दाराकडे वळवल्या.

खोलीचं दार उघडून नेरेइदा बाहेर आली. तिचे डोळे लाल होते.

"ताई, आत्ता तुम्ही आला होतात?"

"नाही बाई. का?"

"काही नाही." ती दाराला टेकली. "दार लोटल्यासारखं वाटलं."

"या घराची दारं जुनी आहेत," होविता म्हणाली आणि खराटा मारत राहिली.

३

सणाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारच्या घंटांनंतर सगळ्यांना निरोप द्यायचा, त्याआधी नैवेद्य उतरवून शेजारीपाजारी वाटायचा. तोमासाचा निरोप आला की पाय आणखी सुजलाय, येणं जमणार नाही, तिचं ताट घरी पाठवून दे.

होविताला बरं वाटलं नाही. घास कोण चाखणार? पण वन्संना चालवत नसेल तर त्या तरी काय करणार, असं म्हणून तिने आधी बापाचं ताट उतरवलं. मिरच्या-तिळाचा दाट रस्सा, मोले, भांड्यात ओतताना बोटाला लागला तो सवयीने चाटला. काहीच चव नव्हती. भिजलेल्या कागदासारखं लागलं. तिला आतून हसू फुटलं. जेवून गेला म्हातारा. आईच्या ताटातला पाव तोडला, तोही तसाच. भुसा नुसता.

मग सेवेरोचं ताट.

त्या ताटातला मोलेही तिने तसाच बोटाने चाटला. आणि तिथेच उभी राहिली.

सगळं होतं त्यात. भाजलेल्या मिरच्यांचा धूर, तीळ, लवंग, चॉकलेटचा कडवटपणा, मागाहून चढणारा तिखट जाळ. इतका चांगला मोले तिला गेल्या कित्येक वर्षांत जमला नव्हता. तिने मांडीचा तुकडा मोडून खाल्ला. टर्कीचं मांस मऊ, रसाळ, मीठ बरोबर. पाव गोड. मेस्काल दारूचा घोट घसा जाळत गेला. ताटात ठेवलेल्या कशालाही कोणी शिवलेलं नव्हतं.

उशिरा येईल, तिने स्वतःला सांगितलं. दुपारपर्यंत वेळ आहे. पण तो काल आला होता. हौदावरचा मग खणकताना तिने ऐकला होता.

माझ्याच तोंडाला काही झालं असेल, असं म्हणून तिने परत बापाच्या ताटातलं चाखलं. भुसा. परत सेवेरोचं. जाळ.

ताट हातात घेऊन ती अंगणात आली. पाकळ्या पुन्हा वळल्या होत्या.

४

नेरेइदा सकाळीच स्मशानात गेली होती, फुलं घेऊन, गावात आलेल्या इतर पाहुण्यांबरोबर. खोली रिकामी असायला हवी होती. होविता हौदापाशी आली तेव्हा आतून आवाज येत होता. चमचा ताटलीवर घासल्याचा. कोणीतरी सावकाश, मन लावून खात होतं.

दार पुरतं लागलेलं नव्हतं. बाहेर ऊन लखलखत होतं. शेजारच्या घरी कोणीतरी रेडिओ लावला होता. अशा वेळी कसली भीती, असं होविता मनात म्हणाली आणि हातातलं ताट तिने हौदाच्या कठड्यावर ठेवलं. शेवटी ती फटीशी गेली.

खिडकीत नेरेइदाने स्वतःची छोटीशी मांडणी केली होती. फोटो नव्हता, नाव नव्हतं. एक मेणबत्ती, कॉफीचा कप, ताटलीत सुक्या कोळंबीचा, पानात उकडलेला तामाल आणि खोबऱ्याची वडी. फटीतून एवढंच दिसत होतं, आणि खाटेची कड. चादर कडेपाशी खोलवर दबलेली होती, वजनदार माणूस बसल्यासारखी. माणूस दिसत नव्हता. मग तिची नजर भिंतीवरच्या आरशाकडे गेली.

आरशात एक मान होती.

पाठमोरी, उन्हाने रापलेली, वाकलेली. मानेवरचे केस तिरके कापलेले, डावीकडे जास्त. ते केस होविताने स्वतः कापले होते. शेवटच्या आजारपणात त्याला उठवत नव्हतं, उशीला टेकवून तिने कात्री चालवली होती आणि हात थरथरत होता. तिरके झाले म्हणून ती रडली होती. तो म्हणाला होता, मरणाऱ्याचे केस कोण बघतंय.

तिचा हात दाराला लागला. दार करकरलं.

चमचा थांबला. मान वळली नाही. ती नुसती थांबून राहिली. खोलीत चुकून कोणी नको असलेलं डोकावलं की माणूस बोलणं थांबवतो आणि ते जायची वाट बघतो, तशी. होविता गेली नाही. तिला हाक मारायची होती, पण तिने मारली नाही.

थोड्या वेळाने चमचा पुन्हा घासू लागला.

तिने दार ढकललं. खोलीत कोणी नव्हतं. चादर हळूहळू वर येत होती. ताटलीतला तामाल जसाच्या तसा होता. होविताने वडीचा तुकडा तोडून तोंडात घातला. खोबऱ्याचा वास नाही, गोडी नाही. लाकडाचा भुगा चावल्यासारखं. कॉफी म्हणजे कोमट पाणी.

ट्रकच्या फेरीवरून परतताना दर खेपेला सेवेरो तिला अशाच वड्या आणायचा. बंदरातली एक बाई करते, म्हणायचा. फार चांगली करते.

५

तोमासा पाय उशीवर ठेवून खाटेवर बसली होती. होविताने ताट तिच्या मांडीवर ठेवलं.

"चाखा, वन्सं."

तोमासाने ताटाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. घासाला हात लावला नाही.

"तू चाखलंस."

"मी चाखलं. तुम्ही इतकी वर्षं चाखत आलात. तुम्हाला काय लागायचं?"

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हसत गेलं. तोमासा सुजलेल्या पायावरून हात फिरवत राहिली.

"तुझा मोले चांगलाच असतो, होविता. चांगलाच लागायचा."

"सगळ्या वर्षी?"

"सगळ्या. पहिल्या सणाला वाटलं, नवखा आहे, वाट चुकला असेल. पुढच्या वर्षी कळलं. काय सांगणार होते तुला? तू ताटाकडे अशी बघत बसायचीस."

"आणि ही बाई कोण?"

"तुला कळलंय कोण ते."

"तुमच्या तोंडून ऐकू दे."

"किनाऱ्यावरची," तोमासा म्हणाली. "मडकी घेऊन जायचा तेव्हापासूनची. मरताना त्यानेच मला पत्ता दिला, निरोप कळव म्हणाला. मी कळवलं. मग सणानंतर विचारलंही, तुझ्याकडे येतो का म्हणून. ती म्हणाली, ताटलीत चव राहत नाही."

होविता खाली बसली. जमिनीवरच बसली.

"मी त्याला भरवलं, वन्सं. त्याची घाण काढली. तो खोकायचा तेव्हा मी त्याच्या आधी उठून बसायचे."

"ठाऊक आहे मला."

"मग तिला माझ्या घरात का आणलीत?"

"माझा एकुलता एक भाऊ." तोमासाचा आवाज चढला नाही. "मी म्हातारी झाले. एकदा तरी तो या गावात, त्याच्या घरात यायला हवा होता. ती जिथे असते तिथे तो येतो. म्हणून तिला इथे बोलावली. काल पायाने साथ दिली असती तर मीही अंगणात येऊन बसले असते."

"माझ्या अंगणात."

"त्याचंही अंगण आहे ते."

होविता उठली. दारापाशी जाऊन वळली. "तिला सांगितलं होतंत, मी कोण ते?"

तोमासाने पहिल्यांदा नजर चुकवली. "ते नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ती आली नसती."

६

होविता परतली तेव्हा नेरेइदा बॅग भरून अंगणात उभी होती. दुपारच्या घंटा सुरू झाल्या होत्या. गल्लीतल्या घराघरांतून माणसं दारात येऊन उभी राहिली होती, धुपाटणी घेऊन, आपापल्या माणसांना निरोप द्यायला.

"तोमासाबाई म्हणाल्या, त्याचं घर बघून जा," नेरेइदा म्हणाली. "तिथे दुसरी एक बहीण राहते, ती दाखवेल म्हणाल्या. शपथ घेऊन सांगते ताई, तुम्ही दार उघडेपर्यंत मला ठाऊक नव्हतं, की तुम्ही..."

"की मी काय?"

"की तुम्ही आहात."

होविताला आधी कळलंच नाही. नेरेइदाने बॅगेच्या कप्प्यातून एक फोटो काढून तिच्यापुढे धरला. भट्टीपाशी उभी असलेली तरुण बाई, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, उन्हाने डोळे बारीक केलेले. लग्नाच्या वर्षी सेवेरोनेच काढवला होता. हरवला म्हणाला होता. फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर मेणाचे थेंब थरावर थर गोठले होते.

"बायको वारली म्हणून सांगितलं होतं त्याने," नेरेइदा म्हणाली. "पहिल्याच वर्षी. मी म्हटलं, मग तिला वाढायला हवं, नाहीतर मला तिचं पाप लागेल. फोटो त्यानेच आणून दिला. तेव्हापासून दर सणाला आधी तुमचं ताट, मग माझ्या आईचं. तो जिवंत असताना सणाला मडकी विकायला बंदरात असायचा, शेजारी बसायचा. मेणबत्ती तोच लावायचा."

होविताने फोटो घेतला. मेण बोटाला गुळगुळीत लागलं.

"तो लावायचा," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या नावाने."

नेरेइदा रडत होती, पण आवाज न करता. "मी उंबऱ्यावरूनच परत फिरणार होते. तुम्ही हात धरलात."

"काय वाढायचीस मला?"

"दुधातला भात. दालचिनी घालून. तो म्हणाला, तुम्हाला आवडतो."

आवडायचा. लहानपणापासून आवडायचा. होविता फोटोतल्या मुलीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं. विचारावंसं वाटत नव्हतं, पण विचारलं.

"आणि सकाळी उतरवायचीस तेव्हा? चव राहायची त्यात?"

नेरेइदाने बॅग उचलून उजव्या हातात घेतली. 

"नाही ताई," ती म्हणाली. "एकदाही राहिली नाही."

घंटा वाजत होत्या. नेरेइदा दाराबाहेर पडली आणि बसच्या रस्त्याला लागली. होविता उंबऱ्यावर आली. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, कोणी हात हलवत होतं, कोणी डोळे पुसत होतं. होविताकडे कोणी बघत नव्हतं. रस्त्यावर पावलं बुडतील एवढी धूळ होती. थोडं अंतर गेल्यावर नेरेइदाने बॅग उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. उजवा हात मोकळा झाला आणि शरीरापासून जरासा लांब राहिला, बोटं किंचित मिटलेली. तिने स्वतः ते पाहिलं नसावं. तिच्या उजव्या बाजूला, तिच्या पावलांच्या बरोबरीने, धुळीत एक रेघ ओढली जात होती. एक ठसा, एक रेघ. एक ठसा, एक रेघ.

"सेवेरो," होविताने हाक मारली. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

नेरेइदा थांबली. वळून तिने होविताकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

धुळीतली रेघ थांबली नाही. ती तिच्या शेजारून पुढे गेली, बसच्या रस्त्याकडे, सावकाश.